देशी वनस्पतींची परसबाग

देशी वनस्पतींची परसबाग म्हणजे घरामागील वा घराभोवतालच्या मोकळ्या जागेत त्या प्रदेशात निसर्गतः आढळणारी झाडे, झुडपे, वेली व कंद लावून केलेली बाग होय. महाराष्ट्रात पावसाचे सुमारे चार महिने वगळता उरलेला काळ बहुतांशी कोरडा जातो. येथील मूळच्या वनस्पतींचे पालवणे, फुलणे व पानगळ या ऋतुमानाशी जुळलेले असते. त्यामुळे एकदा रुजल्यावर त्यांना तुलनेने कमी पाणी व कमी निगा लागते. स्थानिक कीटक व पक्ष्यांना अन्न आणि आसरा मिळणे हा या बागेचा दुसरा लाभ आहे.

देशी व परदेशी

दीर्घकाळ परिचयाचे झाड देशी असतेच असे नाही. गुलमोहर हा मूळचा मादागास्करचा. पांढरा चाफा, पेरू, पपई, चिकू व मिरची या वनस्पती अमेरिका खंडातील आहेत. नामसादृश्यामुळेही गोंधळ होतो. सोनचाफा देशी आहे, परंतु कवठी चाफा उत्तर अमेरिकेतील आहे. सोसायट्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा तथाकथित अशोक हा वस्तुतः आसुपालव असून केशरी-तांबड्या फुलांचा सीता अशोक हा वृक्ष वेगळा आहे.

परदेशी मूळ असणे म्हणजे उपद्रवी असणे नव्हे. पेरू वा मिरची परसात असण्याने हानी होत नाही. मात्र घाणेरीसारखी शोभेसाठी आणलेली झुडपे बागेबाहेर पसरून रानातील मूळ वनस्पतींची जागा व्यापतात.

प्रदेशानुसार निवड

‘देशी’ ही संज्ञा राज्यापेक्षा प्रदेशाला लावणे अधिक योग्य ठरते. कोकणातील झाड मराठवाड्याच्या परसात तग धरेलच असे नाही.

कोकण: जांभ्याची आम्लधर्मी माती व अतिवृष्टी. येथे कोकम, सुरंगी, बकुळ, उंडी व करवंद ही झाडे उपयुक्त ठरतात. कोकमाची नर व मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेल्या रोपाचा प्रकार फुले येईपर्यंत ओळखता येत नाही. म्हणून फळांसाठी मादी झाडाचे कलम लावतात.

पठारी प्रदेश: काळी माती पावसाळ्यात चिकट होते व उन्हाळ्यात भेगाळते. बहावा, आपटा, बेल व कवठ ही झाडे अशा जमिनीत येतात.

विदर्भ: कडक उन्हाळा. पळस, आवळा, बेल व चारोळी हे तेथील पानझडी वनांतील वृक्ष आहेत.

अडुळसा, निर्गुंडी, गुळवेल व तुळस राज्यात बहुतेक ठिकाणी लावता येतात. राज्यपुष्प ताम्हण हा मध्यम आकाराचा वृक्ष असून तो उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी बहरतो.

कीटक व पक्षी

फुलपाखरे मकरंदासाठी अनेक फुलांवर येतात. परंतु बहुतेक जातींच्या अळ्या ठरावीक वनस्पतींचीच पाने खातात. लिंबू व कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन, बहाव्यावर कॉमन इमिग्रंट, रुईवर प्लेन टायगर व सापसंदाच्या वेलीवर कॉमन रोझ या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. ब्लू मॉरमॉन (राणी पाकोळी) हे २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले. त्याच्या अळ्याही लिंबू कुळातील झाडांवर पोसल्या जातात. कुरतडलेली पाने दिसताच कीटकनाशक फवारल्यास फुलपाखरांची पुढील पिढीच नष्ट होते. निरोगी, वाढलेले झाड अशी थोडीफार पाने गमावूनही पुन्हा पालवते. लहान रोपावर अळ्या फार झाल्यास त्या हाताने उचलून दुसऱ्या मोठ्या झाडावर सोडता येतात.

लागवड व निगा

जमीन पहिल्या पावसांनी नीट ओली झाल्यावर लागवड केल्यास मुळांना पावसाळाभर वाढता येते. देशी रोपांनाही पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. गळलेली पाने जाळण्याऐवजी बुंध्याभोवती पसरल्यास ओलावा टिकतो व कुजून खत होते. आच्छादन मात्र खोडाला चिकटवू नये. न्हाणीचे पाणी अळू व केळीच्या आळ्यात सोडण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे.

रोपे रोपवाटिकेतून घ्यावीत. रानातील कंद व आमरी (ऑर्किड) उपटून आणल्याने ज्या वनस्पती जपायच्या, त्यांचीच मूळ ठिकाणची संख्या घटते.

मर्यादा

वड, पिंपळ व उंबर हे वृक्ष पक्ष्यांना प्रिय असले, तरी त्यांची मुळे भिंती व पाया यांना इजा करतात; लहान परसात ते लावणे इष्ट नाही. काही देशी वनस्पती विषारी आहेत: कळलावीचा कंद व कण्हेरीचे सर्व भाग पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकतात. शहरी भागातील वृक्षतोडीला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असून खासगी आवारातील झाड तोडण्यासाठीही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे पूर्ण वाढीनंतर झाडाला किती जागा लागेल, याचा विचार लागवडीपूर्वीच करणे आवश्यक असते.

फरसबंदी व वाहनतळांमुळे शहरांतील परस आक्रसत आहे. जेथे मोकळी जमीन उरलेली नाही, तेथे कढीपत्ता, लिंबू, तुळस व अडुळसा मोठ्या कुंड्यांत वाढवता येतात.