स्मार्टवॉच : सोयी आणि बॅटरीचा हिशेब

स्मार्टवॉच घेताना 'बॅटरी किती दिवस चालते?' हे सारेच विचारतात. ती कशावर खर्च होते, हे क्वचितच कोणी विचारते. मनगटावर मावणारी बॅटरी मोबाइलच्या बॅटरीच्या साधारण दशांश किंवा त्याहूनही लहान असते. सर्वाधिक भार पडतो तो पडद्याचा. २०१३ साली आलेल्या 'पेबल'ने ई-पेपरचा साधा पडदा वापरून आठवडाभर चालण्याचा दावा केला. २०१५ च्या पहिल्या 'अ‍ॅपल वॉच'चा पडदा रंगीत व देखणा. दावा मात्र १८ तासांचा! २०१९ च्या 'सीरिज ५'मध्ये पडदा सतत दिसू लागला, तरी हा आकडा तोच राहिला. कारण मनगट खाली असताना तो सेकंदाला एकदाच ताजा होतो.

त्याखालोखाल जीपीएस आणि घड्याळातील स्वतंत्र सिम. फिरायला जाताना मोबाइल खिशात असेल, तर सिमची गरज उरत नाही. लोकलच्या गर्दीत हात हलताच पडदा उजळतो, ती सोयही प्रवासापुरती बंद ठेवावी. झोपेची नोंद हवी असणाऱ्यांची अडचण निराळी. रात्री घड्याळ मनगटावरच हवे, मग चार्जिंग कधी करायचे? रोज चार्ज करावे लागणाऱ्या घड्याळासाठी सकाळच्या आंघोळीची वेळ त्यातल्या त्यात सोयीची.