बद्धकोष्ठ

बद्धकोष्ठ : (मलावरोध). मल कठीण होणे, कुंथावे लागणे, आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे किंवा जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे न वाटणे, या तक्रारींना मिळून दिलेले नाव. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. रोज सकाळी एकदा झालेच पाहिजे, हा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा हा सगळाच पल्ला प्राकृत मानतात. मलाच्या स्वरूपाचे सात प्रकार सांगणारा तक्ता ब्रिस्टल येथे तयार झाला व १९९७ मध्ये त्याची उपयुक्तता तपासली गेली. त्यातील पहिले दोन प्रकार (सुटे कठीण खडे, खडे चिकटून झालेला गोळा) बद्धकोष्ठाचे होत.

शरीरक्रिया : लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज सुमारे दीड लिटर द्रव येतो, मलावाटे १००–२०० मिलिलिटर पाणीच बाहेर पडते. मल जितका रेंगाळेल तितका तो कोरडा होतो. त्याला पुढे ढकलणारी जोरकस आकुंचने दिवसातून मोजकीच होतात, तीही मुख्यतः जाग आल्यावर आणि जेवणानंतर. सकाळच्या घाईत हीच वेळ टळते.

कारणे : आहारातील चोथ्याची कमतरता हे सर्वपरिचित कारण. डेनिस बर्किट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आफ्रिकेतील ग्रामीण आहार आणि पाश्चात्त्य आहार यांची तुलना मांडल्यापासून कोंड्याला प्रतिष्ठा मिळाली. पाव, बिस्किटे, मैदा यांनी ज्वारी-नाचणीच्या भाकरीची जागा घेतली की परिणाम दिसतो. मात्र मलाची गती मुळातच मंद असलेल्या काहींना चोथा वाढवल्याने पोटफुगीच होते. पाणी कमी पिणे हे कारण सर्वांच्या तोंडी असते. पण शरीरात पाण्याची तूट नसताना जादा पाणी पिऊन उपयोग होतो, याला पुरावा तुटपुंजा आहे.

वेग रोखल्याने गुदाशय ताणाला सरावतो आणि पुढे संवेदनाच बोथट होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात यासाठी ‘न वेगान्धारणीय’ हा स्वतंत्र अध्याय आहे. शाळेतील अस्वच्छ शौचालय टाळणारी मुले, विशेषतः मुली, या गटात येतात. एकदा दुखले की मूल पुढच्या वेळी पाय आवळून उभे राहते. साचलेल्या खड्याच्या कडेने पातळ मल झिरपून चड्डी खराब होते. आईवडील त्याला जुलाब समजून जुलाब थांबवणारे औषध देतात.

औषधे : बहुतेक नोंदींत एका ओळीत उरकला जाणारा हा भाग खरे तर पहिल्याने तपासायचा. कोडीन, ट्रॅमाडॉल, मॉर्फीन ही अफूवर्गीय औषधे आतड्याच्या भिंतीतील ग्राहींवर थेट काम करून गती थोपवतात. झोपाळूपणाला शरीर हळूहळू सरावते, बद्धकोष्ठाला जवळपास नाही. म्हणून मॉर्फीन सुरू करतानाच सोबत रेचक लिहून देण्याचा प्रघात आहे. गरोदरपणी प्रोजेस्टेरॉनमुळे आतडी आधीच मंदावलेली असतात, त्यात लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांची भर पडते. कित्येक जणी त्रास न सांगता लोहाची गोळी मुकाट्याने बंद करतात आणि रक्तक्षय तसाच राहतो. मात्रा किंवा लोहाचा प्रकार बदलून घेता येतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आम्लपित्तावरच्या औषधांतील ॲल्युमिनियम मल घट्ट करते आणि मॅग्नेशियम सैल करते, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. ॲमिट्रिप्टिलीन, लघवीच्या घाईवरील ऑक्सिब्युटिनिन, ॲलर्जीच्या जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या, व्हेरापामिल, ऑन्डान्सेट्रॉन हीही याच यादीतली. वृद्धांच्या बाबतीत यांतील दोन-तीन एकाच वेळी चालू असणे नवल नाही. तपासणीला जाताना घरातील गोळ्यांची सगळी पिशवी सोबत न्यावी.

इतर रोग : अवटू ग्रंथीची मंदता, मधुमेह, रक्तात कॅल्शियम वाढणे, कंपवात. काहींच्या बाबतीत कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळतात. त्यावर औषधापेक्षा स्नायूंचे प्रशिक्षण गुणकारी. जन्मतः मोठ्या आतड्याच्या टोकाकडील भागात चेतापेशी नसणे (हिर्शस्प्रुंग रोग) सुमारे ५,००० जन्मांत एकदा आढळते, उपाय शस्त्रक्रियेचा.

उपचार : इसबगोल (भरपूर पाण्यासोबतच), लॅक्टुलोज, सोनामुखी. सोनामुखीने आतडे कायमचे ‘आळशी’ होते, या जुन्या मताला आज पूर्वीइतका आधार उरलेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे शल्यविशारद विल्यम आर्बथनॉट लेन हे मलातील विषे अंगात भिनतात या समजुतीने बद्धकोष्ठासाठी मोठे आतडेच काढून टाकत. ही उपपत्ती पुढे टाकून देण्यात आली.

पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले बद्धकोष्ठ, शौचावाटे रक्त, घटते वजन किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही असल्यास घरगुती रेचकांवर न थांबता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.