क्षणभर टिकलेला दस्तऐवज

फळ्यावर खडूने एक आकडा लिहिला, कोणी तो वाचला आणि आपण लगेच पुसून टाकला. तर त्या आकड्याची 'नोंद' झाली असे म्हणता येईल काय? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु काहीशा याच प्रश्नावर १९८८ साली ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सला निकाल द्यावा लागला आणि त्यानंतर दोनच वर्षांत तेथे संगणक-गुन्ह्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या खटल्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

ब्रिटनमध्ये १९७९ साली 'प्रेस्टेल' नावाची सेवा सुरू झाली. घरचा दूरचित्रवाणी संच दूरध्वनीच्या तारेने मध्यवर्ती संगणकाशी जोडला, की पडद्यावर बातम्या व इतर माहिती वाचता येई; ग्राहकांना एकमेकांना निरोपही धाडता येत. पुढे ही सेवा ब्रिटिश टेलिकॉमकडे आली. प्रत्येक ग्राहकाला एक ओळख-क्रमांक आणि एक परवलीचा शब्द दिलेला असे. रॉबर्ट शिफ्रीन आणि स्टीफन गोल्ड या दोघांनी १९८४-८५ च्या सुमारास दुसऱ्यांचे क्रमांक वापरून या संगणकात प्रवेश मिळवला. त्यांतला एक क्रमांक म्हणजे निव्वळ २ या अंकांची रांग होती आणि त्याचा परवलीचा शब्द होता १२३४! राणीचे पती प्रिन्स फिलिप यांच्या टपालपेटीपर्यंत ही मंडळी पोचली. पैसा कमावण्यापेक्षा कौशल्य दाखवण्याची हौस यामागे अधिक होती.

१९८५ मध्ये दोघांना अटक झाली. पण गुन्हा कोणता लावायचा? विनापरवाना संगणकात शिरणे हा त्या वेळी तेथे गुन्हाच नव्हता. सरकार पक्षाने मग १९८१ च्या बनावट दस्तऐवजांविषयीच्या कायद्याचा आधार घेतला. तो कायदा जुनाट होता असे मात्र नाही. यंत्राला फसवणे हे माणसाला फसवण्यासारखेच मानावे, अशी तरतूद त्यात होती. माहिती नोंदवलेली किंवा साठवलेली तबकडी वा फीतसुद्धा त्यात 'दस्तऐवज' ठरत होती. १९८६ मध्ये कनिष्ठ न्यायालयात आरोप सिद्ध झाले. शिफ्रीनला ७५० पौंड आणि गोल्डला ६०० पौंड दंड झाला.

अपिलात मात्र संगणकाच्या अंतरंगाचा विचार करावा लागला. कळफलकावरून पाठवलेला क्रमांक विद्युत्स्पंदांच्या रूपाने तारेतून जातो. संगणक तो स्मृतीच्या एका छोट्या भागात क्षणभर धरून ठेवतो, आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहतो आणि जुळला की प्रवेश देतो. पडताळणी झाली, की तो भाग पुसला जातो. मग बनावट दस्तऐवज कोठे आहे? सरकार पक्षाचे म्हणणे असे, की क्षणभर धरून ठेवलेले ते स्पंद हाच दस्तऐवज. १९८७ मध्ये अपील न्यायालयाने ते अमान्य केले आणि १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने तोच निर्णय कायम केला. नोंदवणे किंवा साठवणे म्हणजे पुन्हा काढून पाहता यावे यासाठी काही काळ जतन करणे. क्षणात पुसले जाणारे स्पंद त्यात बसत नाहीत, असे न्यायमूर्तींनी ठरवले. दोघेही निर्दोष सुटले.

दोघांनी लबाडी केली होती, हे न्यायालयालाही दिसत होते. तरीही दुसऱ्या कामासाठी केलेला कायदा ताणून त्यांच्या अंगावर बसवण्यास त्याने नकार दिला. हे कृत्य गुन्हा ठरवायचे असेल, तर ते काम संसदेचे, न्यायालयाचे नव्हे, हे त्याने स्पष्ट केले. आमच्या मते या खटल्याचे खरे मोल येथेच आहे. आज एका शब्दाचा अर्थ दोषी माणसासाठी ताणला, तर उद्या तोच ताणलेला अर्थ निर्दोष माणसालाही गुंतवू शकतो.

संसदेने ते काम १९९० मध्ये केले. त्या वर्षीच्या संगणक गैरवापर कायद्यात दस्तऐवजाची भानगडच ठेवली नाही. आपल्याला परवानगी नाही हे ठाऊक असताना, आतील माहितीपर्यंत पोचण्याच्या हेतूने संगणकाकडून कोणतेही कार्य करवून घेणे, एवढे गुन्ह्याला पुरेसे ठरले. पुढचा गुन्हा करण्यासाठी शिरणे आणि आतील माहितीत फेरफार करणे, यांना अधिक कडक शिक्षा ठेवल्या.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. २००९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीनंतर, अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने दुसऱ्याच्या संगणकात विनापरवाना शिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

विज्ञानाच्या तासाला व्याख्या पाठ करताना मुले कंटाळतात. 'साठवणे' या एका शब्दाच्या व्याख्येवर दोन माणसांची सुटका अवलंबून होती, ही गोष्ट त्यांना अशा वेळी अवश्य सांगावी.