दोन पातींचे देवास

चार वर्षांपूर्वी माझी बदली देवासला झाली, तेव्हा ती वार्ता सांगण्यासाठी इंदूरच्या एका वृद्ध आप्तांकडे गेलो होतो. "देवासला जातो आहे," असे म्हणताच ते चटकन उद्गारले, "थोरल्या पातीत की धाकट्या?" क्षणभर मला त्या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. संस्थाने विलीन होऊन सत्तर वर्षे उलटली. आज देवासला एकच जिल्हाधिकारी आहे आणि एकच महानगरपालिका आहे. तरीही बालपणी कानांवर पडलेली ती वाटणी त्या गृहस्थांच्या मनातून पुसली गेली नव्हती. त्या प्रश्नाने मला या गावाच्या इतिहासाकडे वळवले. आणि त्या इतिहासाने, पुढे सांगणार आहे त्याप्रमाणे, मला थोडेसे ओशाळेही केले.

पाती म्हणजे वाटा. धंद्यातील भागीदाराला आपण पातीदार म्हणतो तो याच अर्थाने. बाजीराव पेशव्यांच्या काळात, १७२८च्या सुमारास, मराठी फौजा माळव्यात स्थिरावू लागल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंना देवासचा मुलूख मिळाला. थोरल्या तुकोजीचा वंश ती थोरली पाती आणि धाकट्या जिवाजीचा वंश ती धाकटी पाती. दोन भावांना दोन परगणे तोडून दिले असते, तर ही कथा सांगण्याजोगी झालीच नसती. परंतु मुलूख सामाईक राहिला आणि पुढे त्याचे वाटे पडले ते मात्र एकमेकांत गुंतलेले. देशावर वतनाची वाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. काळी जमीन एकाला आणि बरड दुसऱ्याला असे होऊ नये म्हणून शेताशेतातून बांध घालणारी आपली जुनी न्यायबुद्धी! एका मळ्याच्या बाबतीत ती जेवढी शहाणपणाची ठरते, तेवढी राज्याच्या बाबतीत ठरत नाही, एवढेच.

१८१८ साली इंग्रजांशी तह झाला तो दोघा राजांनी मिळून केला आणि कारभारही एकाच कारभाऱ्यामार्फत चालावा असे ठरले. ही एकी फार काळ टिकली नाही. १८४१पासून दोन्ही पाती स्वतंत्र संस्थाने म्हणून वागू लागल्या. १९०१च्या खानेसुमारीच्या वेळी थोरल्या पातीचे क्षेत्र ४४६ चौरस मैल आणि लोकसंख्या ६२,३१२ होती. धाकटीचे क्षेत्र ४४० चौरस मैल आणि लोकसंख्या ५४,९०४. दोन्ही मिळून सव्वा लाख माणसेसुद्धा भरत नव्हती. पण तोफांच्या सलाम्या दोघांनाही पंधरा-पंधरा! राजधानीही एकच, देवास गाव. गावाच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची तर दुसरी बाजू दुसऱ्या पातीची. पाणीपुरवठा निराळा, दिवाबत्ती निराळी. समोरच्या शेजाऱ्याकडे मूठभर साखर मागायला निघालेली बाई रस्ता ओलांडताना संस्थानाची सरहद्द ओलांडत होती.

या विलक्षण व्यवस्थेची कीर्ती जगभर पोहोचवली ती ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचे एके काळचे शिक्षक माल्कम डार्लिंग हे त्यांचे स्नेही. त्या ओळखीतून फॉर्स्टर १९१२-१३च्या आपल्या प्रवासात देवासला आले आणि १९२१ साली महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिले. त्या दिवसांतील पत्रे त्यांनी १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात प्रसिद्ध केली. दोन दरबार, दोन फौजा, दोन राजवाडे, इतकेच नव्हे तर दोन टेनिस क्लब, असा तो थाट पाहून त्यांना हसू आवरले नाही. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. महाराजांवर त्यांचा खरा जीव होता.

परंतु आपल्यासारख्या कचेरीत आयुष्य घालवणाऱ्या वाचकाला या गमतीच्या मागचा जमाखर्च दिसल्याशिवाय राहत नाही. दोन दप्तरे, दोन खजिने, दोन कोतवाल्या. प्रत्येक पदावर दोन माणसे आणि त्या दोघांचाही पगार त्याच सव्वा लाख रयतेच्या साऱ्यातून निघायचा. शिवाय शेजारच्या दरबाराहून आपला दरबार उणा दिसू नये ही ईर्षा वेगळीच. थोरल्या पातीची आर्थिक घडी पुढे पुरती विसकटली. कर्ज वाढत गेले, युवराजांशी बेबनाव झाला आणि इंग्रज सरकारने चौकशीचा आग्रह धरला. अखेर महाराजांनी देवास सोडले आणि फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आश्रय घेतला. तेथेच १९३७ साली ते निवर्तले. आपल्या कुलदैवताच्या टेकडीपासून इतक्या दूर, परक्या अमलाखाली त्या रसिक आणि भाविक राजाचा अंत व्हावा, ही गोष्ट मनाला चटका लावते.

१९४८ साली दोन्ही पाती मध्यभारतात विलीन झाल्या आणि १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात सामावला. दोनशे वीस वर्षांची वाटणी अशी संपली. मग उरले काय?

सरहद्दीच्या ज्या ज्या खुणा होत्या, त्या गेल्या. उरले ते सरहद्दीला कधीच न जुमानणारे. गावावरची टेकडी उरली. तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन देवी तीवर शेजारी शेजारी नांदतात, आणि नवरात्रात चढणारा माणूस दोघींच्याही पाया पडतो. भजनही उरले. १९२१च्या गोकुळाष्टमीत महाराज देवापुढे तल्लीन होऊन नाचत असलेले फॉर्स्टरांनी पाहिले. तो सोहळा पुढे 'अ पॅसेज टु इंडिया' या १९२४च्या कादंबरीच्या शेवटच्या भागात उतरला आणि त्यात तुकारामाच्या नावाचा गजर आहे! देहूच्या वाण्याचे नाव इंग्रजी साहित्यात गेले ते पुण्यामुंबईहून नव्हे, माळव्यातील या लहानशा गावातून. गाणेही उरले. उस्ताद रजबअली खाँ १९५९ साली वारले ते देवासकर म्हणूनच. आणि ज्या १९४८ साली दोन गाद्या संपल्या, त्याच साली क्षयाने जर्जर झालेले कुमार गंधर्व या कोरड्या हवेच्या आशेने येथे आले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळवी लोकगीते ऐकली, टिपली आणि बरे झाल्यावर एक नवेच गाणे घेऊन ते उठले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचे घर झाले. १९९२ साली ते गेले, तोवर देवासचे नाव दरबारांपेक्षा त्यांच्यामुळेच घेतले जाऊ लागले होते.

थोरल्या पातीचा मान मात्र निराळ्या वाटेने परत आला. त्या घराण्यातील तुकोजीराव पवार १९९० पासून २०१५ साली झालेल्या मृत्यूपर्यंत देवासचे आमदार होते आणि त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी गायत्रीराजे निवडून आल्या. पण हा मान रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या मतांवर मिळालेला आहे. मतपेटीला पाती ठाऊक नसते.

आता ओशाळेपणाची गोष्ट. देवासला येण्यापूर्वी मी उत्तरेतील एका शहरात होतो. तेथे मराठी कुटुंबे असतील-नसतील साठ, आणि महाराष्ट्र मंडळे दोन! मूळचे मंडळ एकच होते. एका वर्षी गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या हिशेबावरून शब्दाने शब्द वाढला आणि दुसऱ्या वर्षी दोन मांडवांत दोन गणपती बसले. आरतीची वेळही दोन्हीकडे एकच, म्हणजे कोणालाही दोन्हीकडे जाता येऊ नये. नव्या मंडळाचा चिटणीस मी होतो. वेगळे होण्याची सकारण टिपणी मीच मोठ्या अभिमानाने लिहिली होती. माझ्या समोर राहणाऱ्या काकूंनी त्या वर्षी आमच्याकडे मोदक पाठवले नाहीत. आम्हीही पाठवले नाहीत. मधला रस्ता काही वीस फुटांहून रुंद नव्हता.

फॉर्स्टरांचे पुस्तक वाचताना देवासच्या त्या दोन टेनिस क्लबांना मी प्रथम मनमुराद हसलो. मग हसू ओठांवरच थिजले. आपण परमुलखात येतो ते पवारांच्या कारकुनांसारखेच, कोणाच्या तरी हुकमाने आणि मोजक्या वर्षांसाठी. बरोबर भाषा आणतो, देव आणतो आणि बांध घालण्याची सवयही आणतो. यांपैकी मागे काय राहावे, हे मात्र आपल्या हाती असते.

गेल्या गणेश चतुर्थीला त्या काकूंना मी पत्र लिहिले. आठ दिवसांनी उत्तर आले. मोदकांची पाककृती पाठवली होती आणि खाली एकच ओळ होती: यंदा मंडळ पुन्हा एक झाले आहे, हिशेब लिहायला चांगला माणूस मिळत नाही.