शिट्टीचा इतिहास

आमचा भाचा इंजिनिअर नाही. तो बी. कॉम. झाला आहे, म्हणजे मामाच्याच वळणावर गेला आहे. पण रविवार उजाडला की त्याच्या अंगात इंजिनिअर संचारतो. मध्यंतरी त्यानं एक जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि पुढच्याच रविवारी आमच्या गॅलरीत प्लंबरचं दुकान मांडलं. पितळी टी, लेथवाल्याकडून करून आणलेला एक दट्ट्या, रबरी नळीचा तुकडा, चार क्लिपा आणि स्प्रिंगा.

"काय गळतंय रे?" मी विचारलं.

"गळत नाही मामा, गळवायचंय. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह करतोय."

मग त्यानं मला टर्बो समजावून सांगितला. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस माणसानं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. नेहमीच्या वापरातल्या मोटारीत ही करामत यायला मात्र १९६२ साल उजाडलं. फुकट जाणाऱ्या धुरावर व्याज कमावणारा हा माणूस मला एकदम आवडला.

गोम पुढे आहे. चालवणाऱ्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाचं दार मिटतं. पण दाबलेली हवा निघालेली असते! लंच टाइमला शटर ओढल्यावर पेन्शनरांची रांग मागच्या मागे रेटली जाते, तशी ती टर्बोच्या चक्रावर उलटते. म्हणून वाटेत एक झडप ठेवतात. दार मिटलं की इंजिनाच्या बाजूला पोकळी तयार होते, ती बारीक नळीतून दट्ट्याला वर ओढते आणि कोंडलेली हवा बाहेर पडते. छुस्स! गाडीत कंपनीची झडप होतीच, पण ती ही हवा गुपचूप टर्बोच्या तोंडाशी परत नेऊन सोडत होती. भाच्याला तो गुपचूपपणाच नको होता. चौकातल्या पोरांनी मान वळवायला हवी होती.

कॉमर्सच्या माणसानं इतिहास वाचू नये असा नियम नसल्यामुळे मला या 'छुस्स'चा मूळपुरुष ठाऊक होता. दनी पापँ. फ्रान्सचा. यानं १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला घट्ट झाकणाचं भांडं दाखवलं. त्यात वाफ कोंडली की हाडंसुद्धा मऊ शिजत. भांडं फुटू नये म्हणून झाकणाला भोक, भोकावर झडप, झडपेवर दांडी आणि दांडीला वजन. वाफेचा जोर वजनापेक्षा वाढला की झडप उचलली जाई. १२ एप्रिल १६८२ रोजी सोसायटीचे विद्वान या भांड्यातलं जेवण जेवले आणि जॉन एव्हलिन या गृहस्थानं ती मेजवानी डायरीत कौतुकानं नोंदवली. पापँ मात्र पुढे गरिबीत मेला. आपल्या कुकरचा हा आजोबा, पण त्याची तसबीर एकाही स्वयंपाकघरात नाही.

पापँनं झडप दिली, पण ती मोकळी ठेवायची अक्कल काही तिच्याबरोबर मिळत नव्हती. १८०३ साली लंडनजवळ ग्रिनिचला ट्रेव्हिथिकच्या इंजिनावर ठेवलेला पोरगा ईल मासे, म्हणजे आपली वाम, धरायला गेला. मागे कुणीतरी इंजिन थांबवलं, पण वाफेला वाट दिली नाही. बॉयलर फुटून चार माणसं गेली. त्यानंतर ट्रेव्हिथिकनं बॉयलरला शिशाची गुडदी बसवली. पाणी आटून बॉयलर तापला की शिसं वितळावं आणि वाफ निघून जावी. आपल्या कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह याच कुळातला.

आणि १७ जून १८३१. अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिनात 'बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन' नावाचं आगगाडीचं इंजिन उभं होतं. फायरमनला म्हणे वाफेच्या त्या सुसकाऱ्याचा कंटाळा आला, म्हणून त्यानं झडपच दाबून बंद केली. इंजिन फुटलं, फायरमन प्राणाला मुकला. पुढे त्या रेल्वेनं इंजिन आणि उतारू यांच्यामध्ये कापसाच्या गासड्यांचा डबा जोडला. उतारूंना तेवढाच धीर.

या फायरमनला मूर्ख म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते जमत नाही. मी चौथीत असताना बाबांची रात्रपाळी असे, दुपारी ते झोपत. एकदा आई गच्चीवर जाताना म्हणाली, "तीन झाल्या की बंद कर." पहिल्याच शिट्टीला बाबा कुशीवर वळले. मी शिट्टीवर ओलं फडकं टाकलं आणि वर बत्ता ठेवला. घर कसं शांत झालं. आई परत आली, फडकं पाहून चटकन पुढे झाली आणि त्याच क्षणी सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. डाळ छताला लागली. वाफ आईच्या डाव्या हातावर गेली. बाबा धडपडत उठले तेव्हा ती म्हणाली, "व्हॉल्व्ह जुना झाला होता." फडकं तिनं केव्हाच मोरीत टाकलं होतं. हातावरचा डाग अजून आहे.

१८५५ साली इंग्लंडच्या जॉन रॅम्सबॉटमनं दोन झडपांना मिळून एकच स्प्रिंग आणि एकच दांडी दिली. एक झडप दाबायला जावं तर दुसरी सैल होते. आमच्या तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात, त्यातलाच प्रकार. एकट्या माणसावर विश्वास टाकायचा नाही. चौथीतल्या तर नाहीच नाही.

इकडे भाच्याची पहिली स्प्रिंग मऊ निघाली, गाडी उभ्या जागी हवा खात गुरगुरायला लागली. दुसरी एवढी ताठ की झडप उघडेचना. हवा चक्रावर उलटून कबुतरासारखी घुमायची. तिसरी जमली. एक अडचण राहिली. या गाडीत हवा आत शिरतानाच मोजतात आणि तेवढ्या हवेचं पेट्रोल सोडतात. मोजलेली हवा परस्पर बाहेर गेली की पेट्रोल जास्त होऊन इंजिन गुदमरतं. मी म्हटलं, "अरे, रोकड जमा दाखवून ड्रॉवरमधून काढल्यासारखं आहे हे. संध्याकाळी टॅली कसं होणार?"

"मामा, ही बँक नाही," तो म्हणाला.

उद्घाटनाच्या फेरीला आजी हवीच, असा त्याचा हट्ट. मी पुढे, आई मागे. तिचा डावा हात माझ्या सीटच्या पाठीवर. पुलावर एकदा छुस्स. शाळेशी पुन्हा. सिग्नल दिसला, त्यानं पाय काढला, तिसरी छुस्स, आणि गाडी दोन आचके देऊन चौकात बंद पडली. मागच्या रिक्षांनी भोंगे सुरू केले. भाचा किल्ली फिरवत राहिला.

"तीन झाल्या," आई मागून म्हणाली, "वेळेवर बंद केलीस हो."