कारकुनाविना दफ्तर

युद्धनौकेला गोळा लागला म्हणजे ती तत्काळ बुडते असे नाही. तिच्या पोटात नळांचे मोठे जाळे पसरलेले असते. आग विझविण्याचे पाणी, यंत्रे थंड ठेवणारे पाणी त्यातून खेळत असते. एखादा नळ फुटला की कोणती झडप बंद करावयाची आणि कोणती उघडावयाची, म्हणजे गळती थांबेल व पाणी दुसऱ्या वाटेने पुढे जाईल, याचा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. ‘ऑस्कर ऑस्टिन’ या अमेरिकी विनाशिकेसाठी हा निर्णय संगणकाकडून करवून घेण्याचे काम २००० सालाच्या आगेमागे चालले होते, आणि त्या कामावर रिचर्ड हिप नावाचे एक कंत्राटी प्रोग्रॅमर होते.

झडपांची सारी माहिती एका डेटाबेसमध्ये, म्हणजे तक्त्यांच्या रूपाने, ठेवलेली होती. माहिती अशी ओळी-रकान्यांत मांडावी आणि तिचा शोध तिच्या साठवणुकीच्या जागेवर अवलंबून नसावा, हा विचार आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्याच कंपनीतील चेंबर्लिन आणि बॉइस या दोघांनी १९७४ मध्ये त्यासाठी जी भाषा सुचविली, तिचेच पुढे ‘एसक्यूएल’ झाले. विचार अतिशय देखणा; परंतु त्यावर जी यंत्रणा उभी राहिली तिची रचना थेट सरकारी कचेरीसारखी होती. दफ्तर आतल्या खोलीत आणि खिडकीवर कारकून! कोणासही काही पाहावयाचे असो वा नोंदवावयाचे असो, अर्ज कारकुनाकडेच करावा लागे. संगणकाच्या परिभाषेत या कारकुनाला सर्व्हर म्हणतात. हजारो माणसे एकाच वेळी व्यवहार करीत असतील, उदाहरणार्थ बँकेत किंवा रेल्वेच्या आरक्षणात, तेथे असा कारकून हवाच. विनाशिकेवर मात्र परिस्थिती निराळी होती. हिप यांचा प्रोग्रॅम सुरू होताना झडपांची माहिती एकदा वाचून घेई आणि मग आपल्या कामाला लागे. पण सर्व्हर बंद पडलेला असला की पडद्यावर एवढेच उमटे की डेटाबेसशी संपर्क होत नाही. दफ्तर शाबूत, नोंदी शाबूत, फक्त कारकून जागेवर नाही! आणि संदेश हिप यांच्या प्रोग्रॅममधून उमटत असल्यामुळे बोल लागे तो त्यांनाच. सर्वत्र संदेशवाहकाच्या वाट्याला जे येते, तेच त्यांच्याही वाट्याला आले.

तेव्हा त्यांच्या मनात जो प्रश्न आला तो एखाद्या मुलालाही सुचावा असा होता. माहिती डिस्कवर पडलेली आहे, ती वाचणारा प्रोग्रॅमही त्याच संगणकावर आहे. मग मध्ये कारकून हवा कशाला?

याचे एक उत्तर जुनेच होते. माहिती साध्या मजकुराच्या फाईलीत लिहून ठेवावयाची. दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम आणि दर नोंदीला एक ओळ. आजही लाखो कचेऱ्यांत हीच रीत चालते. परंतु कोणाच्या पत्त्यातच स्वल्पविराम आला की रकाने सरकतात, दहा हजार नोंदींतील एक बदलावयाची तर बहुधा सबंध फाईल नव्याने लिहावी लागते, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर जुनीही हाती राहात नाही व नवीही पुरी होत नाही. एकीकडे ही भोळी फाईल आणि दुसरीकडे तो कारभारी सर्व्हर, यांच्या दरम्यानची जागा जवळजवळ मोकळी होती.

हिप यांच्या सांगण्याप्रमाणे, मध्यंतरी काही महिने कंत्राटी काम थांबले असता त्यांनी ही जागा भरावयास घेतली. १७ ऑगस्ट २००० रोजी त्यांच्या लायब्ररीची पहिली आवृत्ती बाहेर पडली, नाव ‘एसक्यूलाइट’. येथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. एकाने मेहनतीने लिहून ठेवलेले आणि हव्या त्या प्रोग्रॅमने आपल्यात सामावून घ्यावे असे तयार काम, असा तिचा अर्थ. वाटून ठेवलेला मसाला ज्या भाजीत घालावा त्या भाजीचा होतो, तसेच हे. ही लायब्ररी ज्या प्रोग्रॅममध्ये मिसळते, तो प्रोग्रॅम स्वतःच दफ्तर उघडतो, वाचतो, लिहितो आणि बांधून ठेवतो. सगळे दफ्तर एकाच फाईलीत मावते. ती फाईल पत्रासारखी एका यंत्रावरून दुसऱ्यावर धाडता येते. लायब्ररीचा स्वतःचा आकार एक मेगाबाइटच्या आतला, म्हणजे मोबाइलवर काढलेल्या एखाद्या छायाचित्राहूनही लहान.

पहिल्या आवृत्तीत साठवणुकीचे काम ‘जीडीबीएम’ या दुसऱ्याच्या साधनावर सोपविलेले होते. २००१ मध्ये हिप यांनी ते काढून स्वतःची व्यवस्था बसविली, आणि वीज जाण्याच्या संकटावरचा उपायही तिच्याबरोबर आला. फाईलीतील एखादे पान बदलावयाचे तर आधी त्याची जुनी प्रत शेजारच्या एका वेगळ्या फाईलीत उतरवावयाची, ती डिस्कवर खरोखर पोहोचली याची खात्री करून घ्यावयाची, मगच मूळ पानाला हात लावावयाचा, आणि काम पुरे झाले की शेजारची फाईल काढून टाकावयाची. मध्येच अंधार झाला तर दफ्तर पुन्हा उघडताना ती जुनी प्रत सापडते. अर्धवट बदल पुसले जातात आणि पूर्वीचे पान जागच्या जागी बसते. आधी रोजकीर्द, मग खतावणी, ही पेढीवरची शिस्त ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात परके असे काही वाटणार नाही.

त्याच वर्षी हिप यांनी दुसरी एक गोष्ट केली. त्यांनी आपला मालकीहक्कच सोडून दिला. जेथे इतर लोक परवान्याची लांबलचक कलमे छापतात, तेथे त्यांनी तीन ओळींचा आशीर्वाद घातला. भले करावे, क्षमा करावी, आणि दिल्यापेक्षा अधिक घेऊ नये, असा त्याचा आशय. गंमत अशी की, फुकटच्या वस्तूवर मोठ्या कंपन्यांच्या वकिलांचा विश्वास बसेना; तेव्हा मालकीहक्काची लेखी हमी हवी असणाऱ्यांना ती पैसे घेऊन देण्याची सोयही पुढे करावी लागली!

मोटोरोला, नोकिया यांसारख्या मोबाइल बनविणाऱ्यांच्या कामात ही लायब्ररी आली आणि तिचे दैव पालटले. अँड्रॉइड फोन आले, आयफोन आले. क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे ब्राउझर आले. या सर्वांच्या पोटात ती आहे. व्हॉट्सअॅपवरचे मराठी निरोप अँड्रॉइड फोनमध्ये साठतात ते तिच्याच फाईलीत. जगात अशी दफ्तरे एक लाख कोटींहून अधिक असावीत, असा तिच्या कर्त्यांचा अंदाज आहे. परंतु प्रसाराबरोबर जबाबदारीही आली. कोट्यवधी यंत्रांवर गेल्यावर, पूर्वी कधी न दिसलेले दोष दिसू लागले. तेव्हा हिप यांनी विमानांतील प्रोग्रॅमसाठी असलेल्या तपासणीच्या कडक नियमावलीचा आधार घेतला, आणि २००९ च्या सुमारास प्रत्येक फाट्याची दोन्ही बाजूंनी परीक्षा होईल इतक्या चाचण्या सिद्ध केल्या. २०२३ च्या हिशेबाप्रमाणे लायब्ररी सुमारे १,५५,८०० ओळींची, तर चाचण्या ९ कोटी २० लाख ओळींच्या, म्हणजे ५९० पट! एवढे असूनही २०१८ च्या डिसेंबरात सुरक्षेचा एक मोठा दोष उघड झालाच. चाचण्यांचे डोंगर रचले तरी माणसाची नजर चुकते ती चुकतेच.

टीकाकारांचे म्हणणेही विचारात घ्यावयास हवे. एका वेळी एकालाच लिहिता येते, ही मर्यादा जन्मजात आहे. आकड्यांच्या रकान्यात कोणी अक्षरे लिहिली तरी लायब्ररी मुकाट्याने ठेवून घेते, याबद्दल अनेकांनी नाके मुरडली. २०२१ मध्ये हवी असल्यास सक्तीची सोय मिळाली, पण मूळची ढिलाई हिप यांनी सोडली नाही. शिवाय दार सर्वांना उघडे असले तरी स्वयंपाकघर बंद आहे. बाहेरच्या माणसाने लिहिलेली ओळ ते सहसा आत घेत नाहीत, कारण तिच्याबरोबर कोणाचा तरी मालकीहक्क आत येईल अशी त्यांना भीती वाटते. इतक्या यंत्रांचा भार ज्यावर आहे ते काम अशा रीतीने केवळ मोजक्या माणसांच्या हाती आहे, आणि ही गोष्ट काळजी वाटावी अशीच आहे.

मात्र ही माणसे गेली तर दफ्तरांचे काय, याचे उत्तर बऱ्याच अंशी फाईलीतच आहे. तिच्या पहिल्या सोळा बाइटांत तिचे नाव आणि आवृत्ती साध्या अक्षरांत लिहिलेली असते. पुढची रचना कशी वाचावी हे जगजाहीर छापलेले आहे, आणि २००४ साली तिसऱ्या आवृत्तीत ठरलेले हे रूप आजतागायत असे राखले आहे की त्या वर्षीची फाईल आजही उघडते. याच भरवशावर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१८ मध्ये, दीर्घकाळ जपावयाच्या माहितीसाठी शिफारस केलेल्या रूपांत तिची गणना केली. निदान २०५० पर्यंत निगा राखू, असे कर्त्यांनी जाहीर केलेले आहे.

त्या तिसऱ्या आवृत्तीने युनिकोडची अक्षरे स्वीकारली, म्हणून देवनागरी मजकूर तीत सुखरूप राहतो. अडचण येते ती अनुक्रम लावताना. लायब्ररी मुळात केवळ अक्षरांचे क्रमांक पाहते, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’चा क्रमांक ‘व’च्या आधी लागतो. त्यामुळे मराठी वर्णमालेप्रमाणे ‘काव’, ‘कास’, ‘काळ’ अशी लागावयाची यादी ‘काळ’, ‘काव’, ‘कास’ अशी लागते. वर्णक्रमाचा नियम बाहेरून शिकविण्याची सोय तीत आहे. मराठी सूची करणाऱ्याने तो नियम तिला आधी द्यावा लागतो.