खूण केलेला कागद आणि बंद पाकीट

अमेरिकेतल्या एखाद्या खासगी ख्रिस्ती विद्यापीठात अर्ज करणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी एक तक्ता भेटतो. डाव्या बाजूला एसएटी किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षांचे गुण आणि शाळेची सरासरी, उजव्या बाजूला दरवर्षी फीमधून किती डॉलर वजा होणार तो आकडा. गुणांची एक पायरी चढली की रक्कम वाढते. चर्चनं काढलेल्या, धर्मादाय म्हणवणाऱ्या संस्थेत पैसा असा गुणांच्या मापानं मोजायची रीत आली कुठून? याचं नेहमीचं उत्तर शंभर वर्षांच्या मागे जात नाही. माझ्या मते या तक्त्याचं कूळ फार जुनं आहे, आणि त्याची एक शाखा गोव्यावरून गेलेली आहे.

मला हा धागा सापडला तो 'रातिओ स्तुदिओरुम' या लॅटिन नियमावलीत. जेझुइट पाद्र्यांनी आपल्या सगळ्या कॉलेजांसाठी ती १५९९ मध्ये कायम केली. तिच्यात लेखी परीक्षेचे स्वतंत्र नियम आहेत आणि ते वाचताना आपण बोर्डाच्या परीक्षेची सूचनापत्रिका वाचतोय असं वाटतं. लिहिण्याचं साहित्य ज्यानं त्यानं आणावं. शांतता पाळावी. बाहेर जायचं असेल तर लिहिलेलं सगळं पर्यवेक्षकाकडे ठेवून जावं. शेजारी बसलेल्या दोघांचे पेपर सारखे निघाले तर दोघांवरही संशय धरावा, कारण कोणी कोणाचं उतरवलं हे कळायला मार्ग नसतो.

पण खरी गोष्ट पुढच्या भागात आहे, बक्षिसांच्या नियमांत. बक्षिसासाठी लिहिणाऱ्यानं पेपरवर नाव घालायचं नाही, फक्त एक खूण करायची. दुसऱ्या कागदावर तीच खूण आणि आपलं नाव लिहून तो कागद असा बंद करायचा की नाव दिसणार नाही. तीन परीक्षकांनी पेपर वाचायचे, एकमत नसेल तर बहुमतानं ठरवायचं, आणि निकाल ठरल्यावरच नावं उघडायची. वक्तृत्वाच्या वर्गाला आठ बक्षिसं: लॅटिन गद्याला दोन, लॅटिन पद्याला दोन, ग्रीक गद्याला दोन, ग्रीक पद्याला दोन. आपल्याकडचा बैठक क्रमांक आणि उत्तरपत्रिकेवरचा बारकोड हे सगळं तिथे बीजरूपात आहे. जहागीरदाराचा मुलगा आणि चांभाराचा मुलगा एकाच बाकावर बसवणाऱ्या कॉलेजात हा नियम केवढा मोठा असेल!

युरोपात त्या काळी विद्यार्थ्याला पैसा मिळायचा तो बहुधा याच्या उलट न्यायानं. आधी नाव बघायचं, मग पैसा द्यायचा. हीच रीत अमेरिकेतही गेली, आणि तिचा नमुना तिथेच आहे. लंडनच्या माजी महापौराची विधवा लेडी ॲन मोल्सन, माहेरची रॅडक्लिफ, हिनं १६४३ मध्ये हार्वर्डला शंभर पौंड दिले. अमेरिकेतली ही पहिली शिष्यवृत्ती. हार्वर्ड तेव्हा प्युरिटन धर्मोपदेशक तयार करणारं छोटं ख्रिस्ती कॉलेज होतं. पैसे कोणासाठी? गरीब विद्यार्थ्यासाठी, आणि बाईंच्या नात्यातला कोणी गरीब मुलगा कॉलेजात आला तर तो हक्क त्याचा. पहिला मान मात्र ज्यांनी ही देणगी मिळवली त्या टॉमस वेल्ड पाद्र्यांच्या मुलाला, जॉनला. या जॉननं दुसऱ्या एका पाद्रीपुत्राला हाताशी धरून १६४४ मध्ये रात्री दोन घरं फोडली, पंधरा पौंडांच्या आसपास ऐवज लांबवला, आणि कॉलेजचे अध्यक्ष हेन्री डन्स्टर यांनी स्वतः त्याला फटके मारले. वशिल्याच्या शिष्यवृत्तीचा इतका झटपट निकाल क्वचितच लागला असेल.

मराठी वाचकाला यातला फरक सांगायला नको. सेनापती दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पेशव्यांनी वाढवलेली श्रावणातली दक्षिणा आपल्या इतिहासात आहेच. तिथेही ब्राह्मणाची परीक्षा होई, पण पात्रतेचं पहिलं कलम जन्म हेच. पुढे इंग्रजांनी त्याच निधीतून पुण्यात संस्कृत पाठशाळा चालवली, १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी नेमून पुस्तकांना बक्षिसं दिली, आणि कॉलेजातल्या हुशार पदवीधरांना दक्षिणा फेलोशिप दिल्या. दानाचा पैसा बक्षिसाचा पैसा झाला. अमेरिकेतही नेमकं हेच झालं, फक्त वेळ जास्त लागला.

आता मूळ प्रश्न. नाव झाकून गुणवत्ता तोलायची कल्पना जेझुइटांना सुचली कशी?

विद्वानांचं रुळलेलं मत असं की ती पॅरिसची देणगी. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला आणि त्याचे पहिले सोबती पॅरिस विद्यापीठात शिकले. वर्गवार शिक्षण, रोजची चढाओढ हे त्यांनी तिथून उचललं आणि १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे काढलेल्या कॉलेजात रुजवलं. दुसरे लोक आणखी मागे जातात. फ्रान्समधल्या तुलूज शहरात १३२४ पासून काव्यस्पर्धा भरत आणि विजेत्याला सोन्याचं फूल मिळे. तेव्हा स्पर्धा आणि बक्षीस यांसाठी युरोपाबाहेर बघायचं कारणच नाही, असं त्यांचं म्हणणं.

स्पर्धेपुरतं मला हे मान्य आहे. पण पॅरिसच्या परीक्षा तोंडी होत्या. उमेदवार सर्वांसमोर उभा राहून वाद घाली, आणि तो कोण, कोणाचा, हे सगळ्यांना दिसत असे. लेखी परीक्षा, बंदिस्त वेळ, झाकलेलं नाव आणि शेवटी मान, हे चारही घटक तेव्हा एकत्र नांदत होते ते चीनमध्ये. तिथे सुंग राजवटीपासून उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकत. एवढ्यावर न थांबता सगळी उत्तरपत्रिका कारकुनांकडून पुन्हा लिहून घेत, म्हणजे हस्ताक्षरावरूनही माणूस ओळखता येऊ नये. उमेदवाराची प्रत काळ्या शाईची, परीक्षकापुढे जाणारी नक्कल तांबड्या शाईची. मात्तेओ रिक्की या जेझुइटानं हे बारकाईनं लिहून ठेवलं आहे.

आणि इथे गोवा येतो. गालेओते परेरा हा पोर्तुगीज चीनच्या कैदेतून सुटून आला आणि त्यानं तिथली हकीगत सांगितली. अधिकारी कसे परीक्षेतून निवडतात तेही त्यात होतं. १५६१ मध्ये ही हकीगत जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजातून युरोपला गेली, आणि तिच्या नकला केल्या त्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी. याच कॉलेजात १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना आला होता. आज त्या इमारतीची फक्त कमान उरली आहे.  परीक्षेनं माणूस मोठा होतो ही बातमी कोकणपट्टीत बसून शाळकरी पोरांनी उतरवली आणि ती व्हेनिसमध्ये १५६५ ला इटालियनमध्ये छापून निघाली. रिक्कीसुद्धा १५७८ मध्ये गोव्यात उतरला, इथल्या कॉलेजात शिकला, शिकवलं, आणि १५८२ मध्ये मकावला गेला.

आता तारखा जुळवून बघा. जेझुइटांचे प्रमुख आक्वाविवा यांनी नियमावली तयार करायला सहा पाद्र्यांची समिती रोममध्ये बसवली ती १५८४ च्या अखेरीस. ती काम करत होती १५८५ मध्ये. त्याच वर्षी, त्याच रोम शहरात, मेन्दोझा या स्पॅनिश पाद्र्याचं चीनवरचं पुस्तक छापून आलं, ज्यात चिनी परीक्षांचं सविस्तर वर्णन आहे, आणि ते बघता बघता युरोपभर पसरलं. पहिला मसुदा १५८६ चा, दुसरा १५९१ चा, अंतिम नियम १५९९ चे. पूर्वेकडून आलेली पत्रं वाचणं हा जेझुइटांच्या शिस्तीचाच भाग होता. समितीतल्या सहा विद्वानांनी चीनबद्दल काही वाचलं नव्हतं, असं मानणंच मला जास्त अवघड जातं.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा असा: नाव झाकण्याचा तपशील ज्या रिक्कीच्या लेखनात येतो ते छापलं गेलं १६१५ मध्ये, रिक्की वारल्यावर, म्हणजे नियमावलीनंतर सोळा वर्षांनी. मुद्दा खरा आहे. पण रिक्की १५८३ पासून चीनमध्ये राहत होता आणि त्याची पत्रं सतत रोमला जात होती. आपल्याकडे साक्षात नोंद नाही, परंतु १५८३ ते १५९९ ही मधली सोळा वर्षं कोरी नाहीत. कल्पनेला छापखान्याची वाट बघावी लागत नाही. परीक्षेतली चढाओढ आली पॅरिसच्या शिस्तीमुळे, हवं तर म्हणा. पेपरवरचं नाव झाकलं गेलं ते मात्र चीनच्या ऐकीव बातमीनं, असा माझा तर्क आहे.

चिनी परीक्षेची कल्पना पश्चिमेत पोचण्याचा दुसरा रस्ता सर्वांना ठाऊक आहे: इंडियन सिव्हिल सर्व्हिसची १८५५ ची पहिली खुली स्पर्धापरीक्षा. त्यामागे चिनी प्रभाव होता हे इतिहासकार तंग स्सू-यू यांनी १९४३ मध्ये हार्वर्डच्याच आशियाविषयक नियतकालिकात मांडलं.

अमेरिकेतले पुढचे टप्पे परिचयाचे आहेत. कॉलेज बोर्ड या संस्थेची पहिली प्रवेशपरीक्षा १९०१ मध्ये, ९७३ उमेदवार. एसएटी २३ जून १९२६ ला, आठ हजारांवर मुलं. पण बक्षीस आणि दान यांची गाठ पडली १९३४ मध्ये. हार्वर्डचे अध्यक्ष कॉनंट यांना पूर्वेच्या श्रीमंत शाळांबाहेरची हुशार मुलं हवी होती. त्यांनी नव्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांसाठी एसएटी निवडली, आणि ती शोधून आणणाऱ्या साहाय्यकाचं नाव होतं हेन्री चॉन्सी. हा चॉन्सी पाद्र्याचा मुलगा, आणि चार्ल्स चॉन्सी या प्युरिटन धर्मोपदेशकाचा वंशज. चार्ल्स चॉन्सी कोण? हार्वर्डचा दुसरा अध्यक्ष. जॉन वेल्डला फटके मारणाऱ्या डन्स्टरच्या जागी आलेला. नाव बघून दिलेल्या पैशाची शोभा झाली त्या घरातच, जवळजवळ तीनशे वर्षांनी, नाव न बघता पैसा द्यायची व्यवस्था उभी राहिली. कॉनंटच्या योजनेत निवड गुणांवर होती, पण रक्कम घरची परिस्थिती बघून. म्हणजे लेडी मोल्सन अजून हिशेबात होत्या.

त्यांना बाहेर काढलं बाजारानं. नॅशनल मेरिट ही गुणांवरची शिष्यवृत्ती १९५५ मध्ये आली, आयोवाच्या लिंडक्विस्ट यांची एसीटी १९५९ मध्ये, आणि उत्तरपत्रिका तपासायला तोवर यंत्रं आलेली होती. यंत्राला नाव झाकायची गरजच उरली नाही. पुढे खासगी कॉलेजांची छापील फी इतकी वाढली की पूर्ण फी भरणारा विद्यार्थी दुर्मीळ झाला. आज अशा कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मिळणारी सरासरी सूट छापील फीच्या निम्म्याहून जास्त आहे. सुरुवातीला सांगितलेला तक्ता हा या सुटीचा भावफलक आहे. त्याला 'स्कॉलरशिप' म्हणतात, आणि हे नाव दानाच्या घराण्यातलं आहे. रक्त मात्र बक्षिसाचं.

जेझुइटांचं अमेरिकेतलं सर्वांत जुनं विद्यापीठ, १७८९ चं जॉर्जटाउन, या तक्त्यापासून दूर राहिलं आहे. ते प्रवेशासाठी गुण मागतं, तेही दिलेल्या सगळ्या परीक्षांचे. पण अभ्यासाच्या गुणांवर शिष्यवृत्ती देत नाही, मदत गरज बघून देतं. काही जण याच गोष्टीवरून माझ्या सिद्धांताला खोडून काढतात. मला ती उलट त्याची पुष्टी वाटते. १५९९ च्या नियमांत बक्षीस होतं मानाचं, आणि जेझुइट कॉलेजात शिकवणी सगळ्यांनाच फुकट होती. गुणांना पैशाचा भाव नंतर जोडला गेला, तो ज्यांना वर्ग भरायचे होते अशा कॉलेजांनी.

अनेक छोट्या ख्रिस्ती कॉलेजांत आता क्लासिक लर्निंग टेस्ट ही प्रवेशपरीक्षाही चालते. २०१५ मध्ये सुरू झालेली, दोन तासांची, १२० गुणांची. तिच्या उताऱ्यांच्या यादीत सिसेरो आहे, ऑगस्टीन आहे, ॲक्वायनस आहे. जेझुइट विद्यार्थ्यानं बक्षिसाचा पेपर ज्याच्या लॅटिनचा आदर्श ठेवून लिहायचा तो सिसेरोच.

पुण्या-नाशकाच्या मुलाला या कुळकथेचा उपयोग अगदी रोकडा आहे. अमेरिकी सरकारची गरजेवर आधारलेली मदत परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही, नॅशनल मेरिटही त्याच्यासाठी नाही. त्याला उरते ती विद्यापीठाची स्वतःची तिजोरी, आणि तिथेही बहुतेक ठिकाणी दानाचं दार जेमतेम किलकिलं असतं, बक्षिसाचं उघडं. म्हणून अर्ज करताना दोन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: गुणांवर किती, आणि परिस्थितीवर किती. गुण न पाठवता प्रवेश देणारी विद्यापीठं २०२० पासून खूप वाढली आहेत, पण गुण न पाठवणाऱ्याला तक्त्यातली वरची ओळ मिळते का, हे प्रत्येक ठिकाणी निराळं विचारावं लागतं. पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढले तर कोणत्या तारखेपर्यंत नवी रक्कम लागू होते, तेही लेखी घ्यावं. शिवाय दरवर्षी ती चालू राहायला किती सरासरी टिकवावी लागते, हा आकडा तक्त्याखाली बारीक अक्षरात असतो. तो आधी वाचावा.